गुंज्याचा पाठमोरा फोटू

आमचा बसवंता म्हणजे माझा धाकटा भाऊ. पोळा झाल्याबरोबर त्यानं जनावराच्या दवाखान्यातल्या माणसाला सांगून टाकलं, घट बसायच्या आधीच्या सोमवारी चिमटा घेऊन ये म्हणून. चिमटा म्हणजे गोऱ्ह्याला खच्ची करायचा. एकदा तो दाबला की गोऱ्ह्याचा बैल झाला. मग औताला जुपा, गाडीला जुपा, पण त्याचं वासरू काही जगात येत न्हाई.

आन् गोऱ्हा म्हणजे आमचा गुंज्या. गुंजेवानी लाल, शेपटीपस्तोर एकच रंग, आन् डोळ्याभवती काजळ घातल्यासारखं काळं कडं. आमचा मुलूख कंधारचा. ही लाल जनावरं इथलीच. पण आता गावात हिंडून बघा, ह्याच्यात त्याचं मिसळून कुणी बांडं झालंय, कुणी काळं. आसा एकरंगी लाल म्या लई वर्सांत बघितला न्हवता. मला तो वळू म्हणून ठेवायचा व्हता.

बसवंताचंबी चूक न्हवतं. आमच्या जोडीतला एक बैल उन्हाळ्यात मेला. दुसरा एकटाच दावणीला उभा. एका बैलानं वखर चालत न्हाई.

"दादा," तो म्हणला, "वळू पोसायला तू काय सरदार लागून गेलास का? गाई गावाच्या गाभण राहत्याल आन् वैरण आपली जाईल."

मग म्या शिवशंकर डाक्टरांचं नाव काढलं. ते उदगीरचे. ते आन् त्यांच्या संगतीचे लोक गावोगाव अस्सल लाल वळू शोधून राहिलेत. निवडला की पेंडीचा खर्च तेच बघतेत. पण येण्याआधी फोटू मागतेत. डाव्या अंगानं, उजव्या अंगानं, म्होरून आन् मागून. फोटू पटला तर गाडी काढून येतेत, न्हाईतर न्हाई.

"बरं," बसवंता म्हणला. "सोमवारच्या आत त्यांचा व्हकार आला तर ठेव तुझा वळू. न्हाई आला तर मला आडवा येऊ नको."

आसं ठरलं. आता फोटू काढणं म्हणजे काय मोठी गोष्ट, आसं मला वाटलं. माझा फोन बटनाचा. म्हणून बसवंताचाच फोन मागितला. त्यानं दिला, पण आसा दिला जसा काय मी विहिरीत टाकणार हाय. गुंज्याच्या तोंडाम्होरं उभा राहिलो, काढले फोटू, दिले पाठवून. संध्याकाळी डाक्टरांचा आवाज आला फोनमधी.

"मामा, ह्याचं डोकं आहे का पखाल? डोकं रेड्याएवढं आन् मागचा भाग शेळीचा आलाय. जरा लांबून काढा."

लांबून काढला तर सगळं धुकट. फोनची काच तडकलेली, त्यात पीठ घासल्यागत झालेलं. बसवंता गालात हसला.

माझी लेक साक्षी लातूरला रक्त तपासायच्या लॅबमधी कामाला हाय. फोनवर रडगाणं गायलो तर ती म्हणली, "आबा, माझ्याकडं जुना कॅमेरा पडून हाय की. या अन् घेऊन जावा. पण शिकून घ्यावं लागंल, हां."

"शिकतो की. एवढा ट्रॅक्टर शिकलो."

"ट्रॅक्टर तुम्ही कुणाच्या बैलाच्या कोठ्यात घातला व्हता ते मला माहीत हाय."

गेलो लातूरला. क्यामेरा काय, साबणाच्या वडीएवढा. चंदेरी. बटन दाबलं की कासवानं मान काढावी तसं त्याचं नाक भाईर येतं. पहिल्यांदा आलं तवा म्या दचकून हात मागं घेतला आन् साक्षी हसून हसून खाटावर बसली.

गच्चीवर नेलं तिनं मला. म्होरं पाण्याच्या टाक्या, वाळत घातलेल्या साड्या, आन् खाली क्लासला जाणाऱ्या पोरांची ही गर्दी. "ह्या टाकीचा काढा," म्हणली. म्या दाबलं. टाकी हलली.

"टाकी न्हाई हलली आबा, तुम्ही हललाव. राशनच्या मशीनवर अंगठा दाबल्यागत दाबायलाव तुम्ही. हे बटन दोन मजली हाय. पहिल्या मजल्यावर थांबायचं. टूक वाजलं, हिरवी चौकट आली, की मग वरल्या मजल्यावर जायचं."

दोन मजली बटन. मला ते लई आवडलं. अर्ध दाबून थांबायचं, क्यामेऱ्याला त्याचं बघू द्यायचं, आन् मग आपण. पुन्हा पुन्हा दाबत बसलो. टूक. टूक. शेजारच्या गच्चीवरली बाई आत निघून गेली.

मग तिनं मला जवळून तिचा फोटू काढायला लावला. काढला, तर माझ्या लेकीचं नाक बटाट्याएवढं. मग ती मला गच्चीच्या पार त्या टोकाला घेऊन गेली, तिथं उभं केलं, आन् आपण ह्या टोकाला येऊन उभी राहिली. क्यामेऱ्याच्या वरची बारकी दांडी सरकवायला लावली. दांडी सरकवली की लांबचं जवळ येतं. आता काढला, तर नाक जसंच्या तसं.

"कामून आसं?" म्या इचारलं.

"जवळ गेलं की नाक तुमच्या अजूनच जवळ आसतं अन् कान मागं राहतेत. म्हणून नाक मोठं. लांबून बघितलं तर नाक काय अन् कान काय, तुम्हाला सारखेच लांब. म्हणून लांब जायचं अन् दांडीनं जवळ आणायचं. अन् सूर्य आपल्या पाठीवर घ्यायचा."

परतीच्या गाडीत माझ्या डोक्यात तेच. एक डोळा झाकून अंगठा डोळ्यापाशी धरला तर म्होरच्या बाकावरल्या माणसाचं मुंडकं अंगठ्यामागं गडप. हात लांब केला की मुंडकं भाईर. पुन्हा जवळ, पुन्हा गडप. कंडक्टर उभा राहून बघत व्हता. "मामा, डोळ्यात काही गेलं का?" म्हणला. म्या म्हणलं, गेलं न्हाई, आत्ता कुठं निघालं.

घरी आल्यावर पहिला फोटू केवळाबाईचा काढला, म्हणजे माझ्या मालकिणीचा. मुद्दाम जवळून काढला, तिला गंमत दाखवावी म्हणून. तिनं बघितला.

"माझं नाक आसं हाय व्हय?"

"न्हाई न्हाई. ते क्यामेऱ्याचं आसतं."

"मग त्याचं त्याला लावा."

आता लांबून काढावा म्हणून अंगणाच्या कडंला गेलो, तर ती हिरवी चौकट तिच्या तोंडावर थांबंनाच. भिताडावरच्या कॅलेंडरातल्या देवीच्या तोंडाला जाऊन चिकटली. केवळाबाई म्हणली, "तिला कळतं कुणाकडं बघावं."

काही दिस आसेच गेले. कोंबड्या, पाट्याचा दगड, चिंचंवरल्या घारी, सगळ्याचे फोटू. घार उडाली की फोटूत नुसतं आभाळ. हात बसला जरा. मग एका सकाळी म्हणलं, आता गुंज्या.

आता आमच्याकडं फोटू म्हणजे काय, तर नटून थटून. कुणाच्या लग्नात का व्हईना, दुसऱ्याचा कोट अंगात घालून आपण उभं राहतो. रोजच्या कपड्यावर कोण फोटू काढतंय? म्हणून गुंज्याला आधी धुतला. अंगाला तेल चोळलं. पोळ्याचं वार्निश उरलं व्हतं, शिंगं सोनेरी केली, टोकाला लाल गोंडे. नांदेडहून आणलेली आरशाची झूल पाठीवर. कपाळावर माथोटी, गळ्यात घागरमाळ. आख्खी गल्ली लागली मदतीला. कुणी गुलाल आणला, कुणी बेगड आणलं. गुंज्याबी आसा ताठ उभा राहिला का त्याचंच लगीन हाय. म्या सूर्य पाठीवर घेतला, लांब गेलो, दांडी सरकवली, पहिल्या मजल्यावर थांबलो, टूक. फोटू आसा आला की बघणाऱ्यानं बघतच राहावं.

कंधारला मल्लिकार्जुनचा फोटूचा स्टुडिओ हाय. क्यामेऱ्यातलं कार्ड त्याच्याकडं नेलं, त्यानं कम्पुटरात घालून डाक्टरांना पाठवलं. पाठवता पाठवता म्हणला, "मामा, नवरी कुठली बघितलीय ह्याला?"

डाक्टरांचा फोन मी तिथं आसतानाच आला.

"श्रीमंतमामा, फोटो फार सुंदर. मी घरात सगळ्यांना दाखवला. पण ह्यात जनावर कुठाय?"

"म्हणजे?"

"झूल दिसतेय. माथोटी दिसतेय. मला पाठीची रेष बघायचीय. वशिंड बघायचंय. कपाळ रुंद आहे का ते बघायचंय, ते तुम्ही झाकलं. शिंगाचा मूळ रंग बघायचाय, तो तुम्ही रंगवला. मामा, नवरदेव नको. उघडं जनावर द्या."

कंधारहून गावाकडं येताना सगळ्या रस्त्यानं तोच इचार. आपण फोटू काढतो तो दाखवायला, आन् ह्या माणसाला फोटू पायजे तो बघायला. ही गोष्ट कधी डोक्यातच आली न्हवती.

झूल उतरली, वार्निश काही उतरंना. काचंच्या तुकड्यानं शिंगं खरवडत बसलो मी आन् केवळाबाई. गुंज्या मान झटकायचा, आमचे हात सोनेरी. बसवंता वखराची लोखंडी पास घासत शेजारी बसलेला.

"चढवायला आख्खी गल्ली," म्हणला, "उतरवायला नवरा-बायको. आन् सोमवार काही कुणासाठी थांबत न्हाई."

उघडा गुंज्या घराम्होरं उभा करून काढला. फोटू बघितला तर गुंज्याच न्हाई. माती लाल, भिताड लाल, गुंज्याबी लाल. केवळाबाई म्हणली, "भिताडाला गूळ थापल्यावानी दिसायलाय." डोळ्याला तर चांगला दिसत व्हता. आपला डोळा जनावर तेवढं उचलून घेतो आन् भिताड सोडून देतो. क्यामेरा काही सोडत न्हाई, समदं घेतो. हे कळल्यावर म्या त्याला तुरीच्या हिरव्या पट्ट्याम्होरं नेला. तिथं आसा उठून दिसला, जसा काय पानावर कुंकू. दुपारच्याला काढला तर डोळ्याचं काळं कडं पापणीच्या सावलीत बुडालं. दिस उगवल्यावर काढला, उन्ह आडवं पडलेलं, तर कडं ठसठशीत दिसलं. एकच जनावर, एकच जागा, आन् उन्हानं फरक. मी शेतात काय एका दिसाचं ऊन बघितलं का? जिंदगी गेली. पण उन्हाकडं आसं बघितलं न्हवतं.

डावी बाजू झाली, उजवी झाली, म्होरून झाला. राहिला मागून. तवर ऊन वर आलं, गुंज्याला दावणीला बांधला, आन् म्हणलं हिथंच काढून टाकू. मागं जाऊन उभा राहिलो, काढला.

संध्याकाळी पडद्यावर मोठा करून बघितला. गुंज्याची मागली ढोपरं एकामेकाकडं झुकलेली. घासतेत का काय आसं वाटावं. जनावर म्होरून सरळ आन् मागून वाकडं. डाक्टर ह्याला हात लावणार न्हाईत, हे मला न सांगता कळलं. एवढे दिस रोज त्याच्या मागं शेण उचलतो, पण तो हालत आसतो, शेपूट मारत आसतो. आसा थांबलेला कधी बघितलाच न्हवता.

बसवंता मागून येऊन बघत उभा व्हता. क्यामेरा घेतला हातातून.

"बघ," म्हणला. "आसला बैल वखराला घातला तर चार काकर ओढले का खाली बसंल. मला नको औताला, त्यांना नको वळू म्हणून. दादा, आपण चिमटाबी नको लावू. बाजाराला नेऊ. ज्याला पायजे तो घेईल."

मला वाटलं व्हतं गुंज्या औताला तरी जाईल, दारात तरी राहील. आता तर दारातूनच निघाला. केवळाबाई आत जाऊन भाकरी थापायला लागली, थापायचा आवाज मोठा व्हता.

सकाळी चहा पिता पिता माझ्या डोक्यात आलं, की क्यामेऱ्यानं केवळाबाईचंबी नाक वाढवलं व्हतं. पण ते जवळून. गुंज्याचा तर म्या लांबून काढला. मग ही खोट क्यामेऱ्याची का गुंज्याची? क्यामेरा घेतला आन् दावणीला गेलो. आमचा म्हातारा बैल, जो वर्सानुवर्सं सरळ पायानं वखर ओढतोय, त्याचा मागून काढला. ढोपरं झुकलेली. तांबड्या गाईचा काढला. झुकलेली. म्हशीचा काढला. तिचीबी.

आता सगळ्या दावणीची ढोपरं एका रातीत बिघडली का? मी उकिडवा बसलो. खाली बघितलं. आमच्या बापानं दावण बांधली तवा मूत मागं वाहून जावं म्हणून जमीन उतरती ठेवली. गव्हाणीकडं उंच, मागं खोल. तिथं उभं राहिलं की जनावराचा सगळा भार मागं येतो आन् ते ढोपरं आत घेऊन सावरतं.

बसवंताला सांगितलं. तो म्हणला, "आता जमिनीवर ढकलायलास व्हय?"

"तूच काढ फोटू. तुझ्या हातानं. वाकडा आला तर तूच बाजाराला घेऊन जा, मी दोर सोडून देतो."

सोसायटीच्या गोदामाम्होरं सिमिटाचं पटांगण हाय. तिथं नेला गुंज्याला. बसवंताला त्या सपाटीवरबी इस्वास न्हवता. तांब्याभर पाणी आणलं आन् सिमिटावर ओतलं. पाणी इकडं गेलं न्हाई, तिकडं गेलं न्हाई, जागच्या जागी पसरलं. तवा कुठं म्हणला, "हां. धर दोर."

म्या दोर धरला. त्यानं फोटू काढला. हलला.

"दोन मजली बटन हाय," म्या म्हणलं. "पहिल्यावर थांब."

"मला शिकवू नको."

पुन्हा हलला. मग थोड्या वेळानं, तिकडंच बघत, "थांबू म्हणजे किती थांबू?"

"टूक वाजंपस्तोर."

टूक वाजलं. बसवंता पडद्याकडं बघत राहिला. मग डावीकडं सरकला, काढला. उजवीकडं सरकला, काढला. मांडी घालून सिमिटावर बसला, काढला. गुंज्यानं शेण टाकलं, त्याचाबी काढला. खोट धराय निघालेला माणूस, प्रत्येक फोटू डोळ्यापाशी नेऊन बघायलाय, आन् प्रत्येकात गुंज्याचे पाय दाराच्या चौकटीच्या बाह्यांवानी सरळ. घाम आला त्याला.

"दादा."

"आं."

"हिथं सरळ हाय."

"हाय की."

"म्हणजे तवा दावणीमुळं?"

"मला कामून इचारतोस? फोटू तुझाच हाय."

तो उठला, घराकडं गेला, आन् म्हाताऱ्या बैलाला घेऊन आला. त्याचाबी काढला. तोबी सरळ. मग तिथंच उभं राहून बराच वेळ दोन्ही फोटू उलटे-सुलटे करत बसला. म्या दोर धरून उभा. माझा हात भरून आला, पण म्या त्याला घाई केली न्हाई.

मल्लिकार्जुनाकडं कार्ड घेऊन तोच गेला. शनिवारी डाक्टर आले, गुंज्याला पटांगणावर नेला. गुंज्याभवती हिंडले, पाठीवरून हात फिरवला, दात बघितले, त्याला चालवून बघितला. बसवंता लांब गोदामाच्या भिताडाला टेकून उभा. डाक्टर म्हणले, "मागून फोटो कुणी काढलाय? लोक मागून पाठवतच नाहीत, पाठवलं तर शेपूट तेवढं येतं. हा नीट आहे. ह्या फोटोवर मी आलो."

"धाकट्यानं," म्या म्हणलं.

बसवंता पायातल्या चपलंकडं बघायला लागला.

"ठेवा ह्याला," डाक्टर म्हणले. "पेंडीचं आम्ही बघतो."

बसवंतानं खिशातून फोन काढला, जरा बाजूला गेला. म्या कान लावला. "सोमवारी येऊ नको," तो सांगत व्हता. "न्हाई, आजारी न्हाई. ठेवला त्याला. वळू ठेवला. आता कामून इचारू नको, तुला आल्यावर फोटू दाखवतो."

राहिला औताचा प्रश्न. पुढच्या बाजाराच्या दिवशी बसवंता हाळीच्या जनावराच्या बाजारात गेला बैल बघायला. क्यामेरा घेऊन गेला, आन् पाण्यानं भरलेली बाटली. सांजच्याला परत आला तो मोकळ्या हातानं.

"बैल कुठाय?" केवळाबाईनं इचारलं.

"हे काय," म्हणून त्यानं क्यामेरा म्होरं केला. "वैनी, तिथं उभं राहिलं की व्यापारी मागून ढकलतो, जनावर म्होरून ढकलतं, त्या गडबडीत समदेच चांगले दिसतेत. म्हणलं घरी बसून बघावं."

आख्ख्या बाजारातल्या बैलांची बूडं त्यात. पाणी ओतून, सपाट जागा धरून, एकेक. एका व्यापाऱ्यानं हाकललंबी व्हतं त्याला, त्याचाबी फोटू व्हता, हात वर केलेला. आम्ही तिघं ओसरीवर बसलो. मी म्हणलो हा, बसवंता म्हणला तो, आमचं जमंना. केवळाबाईनं क्यामेरा आपल्याकडं ओढला आन् दांडीनं एकेक मोठा करून बघितला.

"हा," म्हणली.

"ह्याच्यात काय हाय?" बसवंता म्हणला. "ह्याच्यापेक्षा तो कबरा थोराड हाय."

"आसंल. पण बाकीचे समदे तुमच्या क्यामेऱ्याला भिऊन उभे हायत. ह्यो एकटा मान वळवून रवंथ करायलाय."

बसवंतानं फोटू पुन्हा बघितला. मग म्या बघितला. पुढच्या बाजारी तोच आणला.